पॅलिएटिव्ह केअरसाठी परदेशात स्वयंसेवा: एक दौरा, वर्षानुवर्षांची साथ की दूरवरून मदत?

तुम्ही डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा समुपदेशक आहात. हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्यांची काळजी घेणाऱ्या केंद्रात, काही वर्षं काढली आहेत आणि आता दुसऱ्या, गरीब देशातल्या एखाद्या केंद्राला हातभार लावावा असं मनात आहे. किंवा तुमच्या संस्थेलाच असा भागीदार शोधायचा आहे. समोर येणारे मार्ग माहितीपत्रकात जवळपास सारखेच दिसतात. कामाला लागल्यावर मात्र कळतं की काहींतून तिथल्या लोकांच्या हाती काहीतरी राहतं आणि काहींतून फक्त आपल्या हाती अनुभव राहतो.

गरज किती आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे 5 कोटी 68 लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करणारी देखभाल, लागते. त्यातले 78 टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. जगभरात ती मिळते ती गरजूंपैकी जेमतेम 14 टक्क्यांना. पण निवड करताना मी दुसरा आकडा समोर ठेवेन. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 मध्ये मांडलं की जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या, मॉर्फिनच्या मापात मोजलेल्या 298.5 टन वेदनाशामकांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला 0.1 टन येतात. कपाटात मॉर्फिनच नसेल तर वेदना कशी मोजावी यावरचं उत्तम व्याख्यान ऐकून तिथल्या नर्सने करायचं काय?

म्हणून कोणत्याही यजमान केंद्राला पहिला प्रश्न हाच विचारावा: मॉर्फिन येतं कुठून आणि ते लिहून देण्याचा अधिकार कोणाला? डॉ. अ‍ॅन मेरिमन यांनी 1993 मध्ये हॉस्पिस आफ्रिका युगांडा सुरू केलं. तिथे पावडर पाण्यात मिसळून तोंडावाटे घ्यायचं स्वस्त द्रव मॉर्फिन तयार होतं आणि ते किती तीव्र आहे हे रंगावरून ओळखता येतं. 2004 पासून खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स आणि क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण रुग्ण तपासणारे आरोग्यसेवक) यांना ते लिहून देण्याची मुभा आहे. तिथे जाणाऱ्या स्वयंसेवकाचं काम या नर्सच्या शेजारी बसण्याचं आहे, तिच्या जागी बसण्याचं नाही. भारतात 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांची माळ कमी केली, पण कायदा सैल होणं आणि औषध प्रत्यक्ष जिल्हा रुग्णालयात पोहोचणं यांत बरंच अंतर असतं. अशा ठिकाणी परवान्याचे कागद, साठ्याची नोंदवही आणि औषधाची मागणी यांत मदत करणारा फार्मासिस्ट एखाद्या नामवंत तज्ज्ञापेक्षा जास्त उपयोगी पडू शकतो.

छोटा दौरा की पुन्हा पुन्हा भेटी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा मार्ग म्हणजे दोन आठवड्यांचा एकच दौरा. रजा मिळते, घरचं जमवता येतं, खर्च आवाक्यात असतो. त्याचं नुकसान यजमान सोसतात. दोन आठवड्यांतला पहिला आठवडा पाहुण्याला रुग्णालय दाखवण्यात जातो आणि दाखवणारी व्यक्ती बहुधा तिथली सगळ्यात कामाची, सगळ्यात दमलेली नर्स असते. त्यातच पाहुणा आपल्या सवयीचं शिकवतो: सिरिंज पंप (औषध थोडं थोडं सतत शरीरात सोडणारं यंत्र), फेंटॅनिल या वेदनाशामकाचे त्वचेवर चिकटवायचे पॅच. तिथे मात्र हाताशी असतात साधी औषधं: द्रव मॉर्फिन, बिसाकोडिल, डेक्सामेथासोन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि चिघळलेल्या गाठीचा वास कमी करायला कुटून भुरभुरवायच्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या. या सामग्रीवर रुग्णाची रात्र सुसह्य करणं हे कौशल्यच आहे आणि त्यात यजमान पुष्कळदा पाहुण्यापेक्षा सरस असतात.

एकच दौरा पूर्ण निरुपयोगी असतो असं नाही. यजमानांनी ठरावीक विषय मागितला असेल, उदाहरणार्थ लिम्फिडेमाची (लसिका साठून हातापायांना येणाऱ्या सुजेची) पट्टीबांधणी किंवा मुलांमधल्या वेदनेचं मोजमाप, आणि तेवढंच शिकवून परत यायचं असेल तर तो सार्थकी लागतो. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर हॉस्पिस अँड पॅलिएटिव्ह केअर ही संस्था शिकवण्यासाठी जाणाऱ्या तज्ज्ञांना प्रवास-फेलोशिप देत आली ती याच धर्तीवर. 'येतो आणि बघतो' या वृत्तीने मात्र जाऊ नये.

याच्या शेजारी दुसरा मार्ग ठेवून पाहा: तीच माणसं, तेच केंद्र, दरवर्षी. ऑस्ट्रेलेशियन पॅलिएटिव्ह लिंक इंटरनॅशनल आणि केरळमधली पॅलियम इंडिया या संस्थांनी 2010 मध्ये सुरू केलेला प्रोजेक्ट हमराही हे त्याचं चांगलं उदाहरण. यात डॉक्टर आणि नर्स अशी जोडी भारतातल्या एखाद्या नव्या केंद्रात जाते, तिथल्या संघाबरोबर राउंड घेते, गृहभेटींना जाते आणि पुढे संपर्कात राहते. जोडी का, हे तिथे गेल्यावर लगेच उमगतं. डॉक्टर डॉक्टरशी बोलतो तेव्हा नर्स बहुतेक गप्प असते. बाहेरून आलेली नर्स बोलायला लागली की तिथली नर्सही बोलते आणि खरी अडचण तेव्हा बाहेर येते. रात्रीचा डोस कुणी देत नाही, मॉर्फिनने होणाऱ्या बद्धकोष्ठतेवरचं औषध सोबत लिहिलेलंच नाही, घरच्यांनी व्यसन लागेल या भीतीने बाटली लपवून ठेवली आहे. पहिल्या भेटीत हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सांगतात.

सिंगापूरच्या लिएन फाउंडेशनने आशिया पॅसिफिक हॉस्पिस नेटवर्कबरोबर 2013 पासून चालवलेला लिएन कोलॅबोरेटिव्ह याच जातीचा, पण त्याचा भर प्रशिक्षक घडवण्यावर आहे. म्यानमार, श्रीलंका, बांगलादेश अशा देशांत स्वयंसेवक प्राध्यापक टप्प्याटप्प्याने जाऊन स्थानिक डॉक्टर-नर्सना इतकं तयार करतात की पुढची तुकडी त्यांनीच शिकवावी. हमराहीत रुग्णाजवळचं काम जास्त, इथे वर्गातलं. शिकवण्याची हातोटी असेल तर इकडे जा. व्याख्यानाच्या विचारानेच कपाळाला आठी पडत असेल तर हमराहीसारखी जोडी बरी.

माझं मत विचाराल तर, तीन वर्षं शब्द पाळता येत असेल तर या दुसऱ्या गटाला तोड नाही. पाळता येत नसेल तर मात्र हा मार्ग घेऊ नका. एका भेटीनंतर गळालेला मार्गदर्शक यजमानांना कधीच न आलेल्या मार्गदर्शकापेक्षा महाग पडतो, कारण त्यांनी त्याच्या भरवशावर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक बांधलेलं असतं.

सहा महिने किंवा वर्षभर राहणं हा तिसरा पर्याय. त्यातला धोका एवढाच की तुम्ही रिकामी जागा भरता. तुमच्याबरोबर शिकणारी, पगारावर असलेली स्थानिक व्यक्ती नेमलेली आहे का, हे आधी पाहा. नसेल तर तुम्ही परतताच वॉर्ड होता तिथेच येतो.

घर न सोडता

ऑनलाइन मार्गदर्शनाला अजूनही दुय्यम मानलं जातं. ते बरोबर नाही. प्रोजेक्ट एको ही पद्धत डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात हेपॅटायटिस सी साठी सुरू केली: एक केंद्र, अनेक दूरची केंद्रं, दर सत्रात कुणीतरी आपला खराखुरा रुग्ण मांडायचा आणि सगळ्यांनी त्यावर बोलायचं. पॅलिएटिव्ह केअरला ती चपखल बसली आणि पॅलियम इंडियासह अनेक संस्था ती चालवतात. प्रवासखर्च शून्य, व्हिसा नाही, आणि प्रश्न ताजा असताना उत्तर मिळतं. उणीव एकच, पण मोठी: जखम कॅमेऱ्यातून दिसते, नातेवाइकांशी बोलताना तुमचा सहकारी कुठे अडखळतो ते दिसत नाही. म्हणून एकदा प्रत्यक्ष भेट आणि मग वर्षभर ऑनलाइन, हा मेळ मला दोन्ही सुट्या पर्यायांपेक्षा उजवा वाटतो.

संस्थेच्या पातळीवर विचार करत असाल तर जोड-हॉस्पिस हा मार्ग आहे. फाउंडेशन फॉर हॉस्पिसेस इन सब-सहारन आफ्रिका, म्हणजे आताची ग्लोबल पार्टनर्स इन केअर, 1999 पासून अमेरिकेतल्या हॉस्पिसना आफ्रिकेतल्या हॉस्पिसशी जोडत आली आहे. इथे मुख्य देवघेव निधीची असते आणि त्यात कमीपणा काहीच नाही. गृहभेटीच्या गाडीचं इंधन, एका नर्सचा वर्षाचा पगार, औषधाच्या बाटल्या, या गोष्टी फोटोत दिसत नाहीत, पण यांच्याविना सेवा बंद पडते. दोन जणांच्या विमान तिकिटांचा खर्च आणि नर्सच्या पगाराचा खर्च एका कागदावर शेजारी मांडून यजमानांना विचारा की काय हवं. उत्तर पगार असं आलं तर रुसू नका. मात्र पगार द्यायचाच तर निदान तीन वर्षांचा शब्द द्या. वर्षाच्या करारावर कुणी चांगली नर्स येत नाही.

उलटा प्रवासही असतो: त्यांना शिकायला पाठवणं. केरळमधलं कोझिकोड आणि तिरुवनंतपुरम, युगांडातलं कंपाला इथे कमी साधनांत काम शिकवणारी अनुभवी केंद्रं आहेत. श्रीमंत देशातल्या अद्ययावत हॉस्पिसमध्ये महिनाभर निरीक्षण करण्यापेक्षा, ज्यांची अडचण आपल्यासारखीच आहे अशांकडे शिकणं बहुतेकांना जास्त कामाला येतं. केरळमधल्या वस्तीवस्तीतल्या शेजाऱ्यांच्या गटांनी 2000 च्या आसपास उभी केलेली स्वयंसेवकांची पद्धत पाहायला तर अनेक देशांतून लोक येतात. निधी असलेल्या पण वेळ नसलेल्या संस्थेला मी हाच पर्याय आधी सुचवेन.

मोठं बळ असलेल्या विद्यापीठांसाठी आणखी एक नमुना आहे. एडिनबरा विद्यापीठ, युगांडातलं मकेरेरे विद्यापीठ आणि आफ्रिकन पॅलिएटिव्ह केअर असोसिएशन यांनी मिळून केनिया, रवांडा, युगांडा आणि झांबिया या 4 देशांतल्या 12 रुग्णालयांत ही सेवा नेहमीच्या कामकाजात बसवण्याचा प्रयत्न केला. त्यात व्यवस्थापनाला सोबत घेणं हा कामाचाच भाग होता. एकट्यादुकट्याने हे करायला जाऊ नये.

आता निवड. वर्षाला दोन आठवडे आणि तीन वर्षांची तयारी असेल तर जोडीची मार्गदर्शन-भेट. आठवड्याला एक तास असेल तर ऑनलाइन सत्र. वेळ नाही पण निधी आहे तर पगार किंवा प्रशिक्षणाचा खर्च. एकदाच जाता येणार असेल तर यजमानांनी लेखी मागितलेला एकच विषय. कारकिर्दीच्या सुरुवातीला असाल, स्वतंत्रपणे रुग्ण पाहिले नसतील, तर तूर्तास जाऊ नका. शिकण्यासाठी जायचं असेल तर शुल्क भरून विद्यार्थी म्हणून जा.

आणि जायचं ठरलंच तर यजमान देशाच्या वैद्यकीय किंवा नर्सिंग परिषदेकडे तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज सगळ्यात आधी करा. याला महिने लागू शकतात आणि तिच्याविना बहुतेक देशांत रुग्णाला हात लावता येत नाही. कागद हाती येईपर्यंत तिकीट काढू नका. तोवर त्या केंद्राच्या ऑनलाइन सत्रांत गुपचूप बसून ऐका. त्यांच्याकडे कोणतं औषध आहे, कोणतं संपलंय, हे तिथे आपोआप कळतं.