आठ महिने गॅसिफायर चूल वापरून: भाकरी सोडून सगळं जमतं

कराडजवळ गावी आईसाठी पंख्याची गॅसिफायर चूल घेतली त्याला आता आठ महिने झाले, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. गॅस आहे घरी, पण अंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, पाहुणे आले की मोठं पातेलं हे सगळं चुलीवरच, आणि तो धूर आईच्या डोळ्यांत चाळीस वर्षं गेलाय. माझ्यासाठी विषय तोच होता.

आधी एक गोष्ट सांगतो जी विकणाऱ्याने मला नीट सांगितलीच नाही. ही चूल वरून पेटवायची. आईने सवयीने खाली कागद घालून पेटवली आणि घरभर धूर, म्हणाली ही परत दे. दुसऱ्या दिवशी चुलीतला डबा पेलेटनी (भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या छोट्या कांड्या) भरला, वर चार काटक्या आणि रॉकेलचा बोळा ठेवून पेटवलं, पाचेक मिनिटांत धूर गायब. होतं काय, तर आग वरून हळूहळू खाली सरकते, खालचं सरपण तापून त्यातनं गॅस निघतो, आणि तो वरच्या भोकांतून येणाऱ्या हवेत जळतो. साध्या चुलीत हाच गॅस अर्धवट जळून धूर आणि काजळी होतो. वाकून बघितलं तर प्रत्येक भोकातून ज्योत निघतेय असं वाटतं, पण भोकातून येते नुसती हवा, गॅस मधे असतो! मी पहिल्यांदा अर्धा तास तेच बघत बसलो होतो.

ही वरून पेटवायची कल्पना अमेरिकेतल्या टॉम रीड यांनी १९८५ च्या सुमारास मांडली, नॉर्वेच्या पोल वेंडेलबो यांनी आफ्रिकेत स्वतंत्रपणे काम करून तशीच चूल बनवली. आपल्याकडे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले प्रा. एच. एस. मुकुंदा, मूळ एअरोस्पेसचे, रॉकेटच्या ज्वलनावर काम केलेला माणूस, त्यांच्या टीमच्या कामातून पेलेटवर चालणारी ‘ऊर्जा’ नावाची चूल आली आणि ती महाराष्ट्रातही विकली गेली. इतक्या मोठ्या माणसाने बाईच्या चुलीत डोकं घातलं याचं मला फार कौतुक वाटतं.

आता वापराचं. किलोभर सुके पेलेट तासभर जातात, पंख्याचं बटण फिरवून आच कमी-जास्त होते, पातेल्याचं बूड जवळजवळ स्वच्छ राहतं, आधण तर गॅसच्या बरोबरीने येतं. फुंकणी आठ महिने खुंटीवरच आहे.

कमी काय, तर मधेच सरपण टाकता येत नाही, टाकलं की धूर, म्हणून किती शिजवायचंय ते आधी ठरवून डबा भरावा लागतो. भाकरी तव्यावर होते पण पुढे निखाऱ्यावर फुगवायला जागाच नाही, त्यामुळे भाकरीला आई अजून जुनी चूलच पेटवते. आणि सरपण सुकंच पाहिजे. पावसाळ्यात एका दुकानातून आणलेलं पोतं इतकं ओलसर निघालं की पेलेट बोटांनी चुरायचे, ज्योत पिवळी पडून विझायची, आठवडाभर उन्हात वाळवले तेव्हा कुठे चालले. पोतं घेताना एक पेलेट मोडून बघा, कट्कन आवाज आला पाहिजे. तुरीच्या तुऱ्हाट्याही बोटभर तुकडे करून चालतात, आम्ही आता निम्मं तेच वापरतो.

एक मात्र पाळाच. ज्योत संपली की डब्यात कोळसा धुमसत राहतो, धूर दिसत नाही पण कार्बन मोनॉक्साइड निघतो, तेव्हा थंडीत शेकायला म्हणून चूल बंद खोलीत अजिबात नेऊ नका. आम्ही तो कोळसा पत्र्याच्या डब्यात झाकण लावून विझवतो, मग त्यावर वांगं भाजतो.

पाचपैकी चार. एक भाकरीसाठी कापला.