ट्रॉलीमागचा त्रिकोणी फलक आणि रेडियमची पट्टी: एका हंगामानंतरचा अभिप्राय

धानाचा मागचा हंगाम सुरू होण्याआधी नागपुरातील ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या एका दुकानातून आम्ही ट्रॉलीसाठी दोन वस्तू घेतल्या. एक म्हणजे सावकाश चालणाऱ्या वाहनाच्या मागे लावायचा, टोके छाटलेला त्रिकोणी फलक, आणि दुसरी म्हणजे फाळक्यावर व बाजूंना चिकटवायची रेडियमची पट्टी. मौद्याकडून कळमन्याच्या बाजारात सकाळी लवकर पोहोचायचे, तर भंडारा मार्गावर अंधारातच निघावे लागते आणि भरलेली ट्रॉली ताशी वीस किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही.

या वस्तूंची गरज किती, हे साध्या हिशेबाने कळते. चौपदरी विभाजित महामार्गावर मोटारींसाठी केंद्राने २०१८ मध्ये ताशी १०० किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा ठरवली. तेवढ्या वेगाने येणारी मोटार आमच्या ट्रॉलीशी असलेले अंतर ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटरने कमी करत असते. मंद हेडलाइटच्या उजेडात मातकट फाळका साठ मीटरवर दिसला, तर चालकाच्या हाती तीन सेकंदही उरत नाहीत. तोच तीनशे मीटरवरून चमकला, तर तेरा सेकंदांहून अधिक वेळ मिळतो. समृद्धी महामार्गासारख्या प्रवेश-नियंत्रित रस्त्यावर ट्रॅक्टरला मज्जावच असल्याने तिथे हा प्रश्न उद्भवत नाही, परंतु भंडारा, उमरेड किंवा काटोल मार्गावर शेतकऱ्याला दुसरी वाटच नसते. सावकाश जाणाऱ्याने डाव्या मार्गिकेत राहावे आणि उजवी मार्गिका ओलांडण्यापुरती वापरावी, असा नियम आहे. २०१७ च्या वाहन चालविण्याबाबतच्या विनियमांचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७-अ नुसार ५०० ते १,००० रुपये दंड होऊ शकतो. नियम रास्तच आहे, मात्र डाव्या कडेला ट्रक उभे असले की ट्रॉलीला उजवीकडे सरकण्यावाचून गत्यंतर नसते आणि नेमक्या त्याच क्षणी मागून येणाऱ्याला ती दिसणे सर्वांत निकडीचे असते.

पट्टीविषयी आमचे मत निःसंदिग्धपणे अनुकूल आहे. आलेला उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवण्याचा तिचा गुण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. आम्ही रात्री ट्रॉली शेताच्या रस्त्यावर उभी केली आणि दुरून मोटारीतून पाहिले, तेव्हा फाळक्याची चौकट लाल रेषेत उभी राहिलेली दिसली, तर शेजारच्या जुन्या ट्रॉलीचा पत्ताही लागत नव्हता. मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी हा रंगांचा क्रम पाळावा. दुकानात दोन प्रकारच्या पट्ट्या मिळतात आणि हाताला दोन्ही सारख्याच लागतात, परंतु स्वस्त पट्टी ही केवळ चमकदार छपाई असते. चांगल्या पट्टीवर ठरावीक अंतराने मान्यतेची खूण उमटवलेली असते. भारतीय मानक एआयएस-०९० आहे आणि युरोपीय मान्यतेच्या पट्टीवर १०४ हा आकडा दिसतो. दुकानदाराने आम्हांला आधी स्वस्तातलीच पट्टी पुढे केली. खूण विचारल्यावर मात्र निमूटपणे आतून दुसरा रोल काढला.

त्रिकोणी फलकाबाबत इतके निखालस सांगता येत नाही. हा फलक १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात तयार झाला. मधला नारिंगी भाग दिवसा झळाळतो आणि भोवतीची लाल किनार रात्री उजेड परतवते, अशी त्याची रचना असून तिकडे ताशी सुमारे ४० किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनांसाठी तो वापरतात. युरोपीय नमुन्यात मधला भागही लाल असतो आणि बाजू सुमारे ३५ सेंटिमीटरची असते. आम्हांला मिळालेला फलक याच नमुन्याचा आहे. किनार आजही उत्तम आहे, मात्र मधला भाग मे महिन्याच्या उन्हात इतका फिका पडला आहे की दिवसा त्याचा उपयोग जवळजवळ संपला, आणि नागपूरच्या उन्हाचा विचार करता हे अनपेक्षितही म्हणता येत नाही. दुसरी उणीव वस्तूची नव्हे: आपल्याकडच्या बहुतेक चालकांना या आकाराचा अर्थच ठाऊक नाही. त्यामुळे तो इशारा म्हणून नव्हे, तर आणखी एक चमकणारी खूण म्हणूनच कामी येतो.

त्याच दुकानात आणखी एक घोटाळा दिसला. बिघडून उभ्या राहिलेल्या वाहनाच्या मागे रस्त्यावर ठेवायचा पोकळ, घडीचा लाल त्रिकोण हाच ट्रॉलीला टांगायचा, असे तिथल्या मुलाने दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला सांगितले. दोहोंचे काम निराळे आहे. पोकळ त्रिकोण पुढे वाहन उभे असल्याचे सांगतो, म्हणून तो चालत्या ट्रॉलीवर लावू नये. घ्यावा जरूर, पण ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावा.

बसवण्याबाबत दोन गोष्टी अनुभवाने सांगता येतील. पट्टी लावण्याआधी पत्रा पॉलिश पेपरने घासून, पुसून, पूर्ण कोरडा करावा. आम्ही ज्या कोपऱ्यावरचा सुटलेला रंग तसाच ठेवला, तेथील पट्टी पावसाळ्यात उचलली गेली. फलक चाकाच्या रेषेत खाली लावल्यास काळ्या मातीचा चिखल त्याला झाकून टाकतो, म्हणून तो वर आणि शक्यतो उजवीकडे, नट-बोल्टने पक्का करावा. तणस भरले की भारा फाळक्याबाहेर लोंबतो आणि सगळेच झाकले जाते. अशा खेपेसाठी आम्ही पट्टी लावलेली एक सुटी फळी करून घेतली असून ती भाऱ्यावर दोरीने बांधतो. बैलबंडीवाल्यांनी मात्र फलकाच्या फंदात न पडता मागच्या फळीवर आणि दोन्ही बाजूंना पट्टी लावावी. खर्च फलकाहून कमी येतो आणि रात्री दिसण्यापुरते तेवढे पुरते.