माउंट मिचेल राज्य उद्यान: शिखरावर जाण्याआधी त्याची कथा जाणून घ्यावी

नॉर्थ कॅरोलायनातील माउंट मिचेल हे ६,६८४ फूट उंचीचे शिखर मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील अमेरिकेत सर्वांत उंच आहे. गाडी माथ्याच्या अगदी जवळपर्यंत जाते आणि तेथून जेमतेम पाव मैलाची फरसबंद वाट चढली की निरीक्षण-चौथरा येतो. त्यामुळे बरेच पर्यटक वर जाऊन छायाचित्रे काढतात आणि लगेच परततात. माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी वाटेवरच्या छोट्या संग्रहालयात थांबावे. ते उघडे असेल, तर तेथे घालवलेला वेळ पुढच्या प्रत्येक पावलाला अर्थ देतो.

एलिशा मिचेल हे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील विज्ञानाचे प्राध्यापक होते. १८३५ साली त्यांनी वायुभारमापकाच्या साहाय्याने ब्लॅक माउंटन्स या रांगेची उंची मोजली आणि येथील शिखर ६,४७६ फूट असल्याचे मांडले. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो आणि खाली व वर एकाच वेळी घेतलेल्या नोंदींतील फरकावरून उंची काढता येते, एवढ्याच तत्त्वावर आणि पायी वाहून नेलेल्या नाजूक नळ्यांवर हे सारे मोजमाप उभे होते. हे ध्यानात घेतले, तर आजच्या आकड्याशी असलेला सुमारे २०० फुटांचा फरक मला फार थोडा वाटतो. पुढे त्यांचेच माजी विद्यार्थी आणि राजकारणी थॉमस क्लिंगमन यांनी दावा केला, की सर्वोच्च शिखर मिचेल यांनी मोजलेच नव्हते, ते आपण मोजले. हा वाद मिटवण्यासाठी, वयाची साठी ओलांडलेले मिचेल १८५७ साली पुन्हा मोजणीला आले. २७ जून रोजी ते एकटेच निघाले, धबधब्याच्या कड्यावरून घसरले आणि खालच्या डोहात पडून त्यांचा अंत झाला. शोधपथके दिवसचे दिवस हिंडत राहिली. शेवटी बिग टॉम विल्सन या स्थानिक शिकाऱ्याने रानातल्या खुणांचा माग काढत त्यांचा देह शोधला. त्यांचे घड्याळ आठ वाजून एकोणीस मिनिटांवर थांबलेले होते. तो धबधबा खासगी जमिनीत असल्याने पाहता येत नाही.

मिचेल यांचे दफन प्रथम ॲशव्हिल येथे झाले आणि १८५८ साली त्यांचे अवशेष शिखरावर आणले गेले. ती कबर आजही चौथऱ्याच्या पायथ्याशी आहे. दूरवरच्या रांगा पाहण्याच्या घाईत अनेकजण तिच्याकडे न पाहताच पुढे जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या मोजमापाचा अभिमान तो चौथरा मिरवतो, ते करणारा माणूस तेथेच विसावला आहे.

उद्यानाच्या स्थापनेची हकिगतही तितकीच महत्त्वाची आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लाकूड कंपन्यांनी डोंगरावर रेल्वेमार्ग टाकून जंगल झपाट्याने तोडायला घेतले, तेव्हा राज्यपाल लॉक क्रेग यांनी माथा वाचवण्यासाठी पुढाकार घेतला. १९१५ साली विधिमंडळाने जमीनखरेदीसाठी २०,००० डॉलर मंजूर केले आणि नॉर्थ कॅरोलायनाचे पहिले राज्य उद्यान जन्माला आले.

तोडीतून वाचलेल्या आणि नंतर उगवलेल्या झाडांवर दुसरे संकट आले, ते ‘बाल्सम निसर्गवाट’ या पाऊण मैलाच्या फेरीत स्वच्छ दिसते. फ्रेझर फर हा वृक्ष केवळ दक्षिण ॲपलाचियन पर्वतांच्या उंच भागातच निसर्गतः उगवतो. त्याच्या कोवळ्या सालीवर राळेचे बारीक फोड असतात. एखादा फुटला की बोटांना चिकट, उग्र सुगंध लागतो. युरोपातून आलेला एक सूक्ष्म कीटक या सालीतील रस शोषतो आणि स्वतःभोवती पांढरी, लोकरीसारखी मेणचट लव धरतो. १९५७ साली तो येथे आढळला आणि त्याने प्रौढ फर वृक्ष मोठ्या प्रमाणावर मारले. हिरव्या रोपांमधून उभे असलेले राखाडी सांगाडे पाहिले, की कायद्याने रक्षण केलेले जंगलही किती हळवे असते, ते उमगते. मला तर चौथऱ्यावरच्या देखाव्यापेक्षा ही वाट अधिक मोलाची वाटली.

२००९ साली खुला झालेला सध्याचा चौथरा चाकाच्या खुर्चीलाही सोयीचा आहे, ही फार चांगली गोष्ट. मात्र माथा वारंवार धुक्यात असतो, म्हणून केवळ दृश्यासाठी येणाऱ्यांनी हवामान पाहूनच निघावे आणि उन्हाळ्यातही गरम कपडे बरोबर ठेवावेत. प्रवेश विनामूल्य आहे. सप्टेंबर २०२४ मधील हेलीन चक्रीवादळाने परिसराचे आणि रस्त्यांचे मोठे नुकसान केले आणि उद्यान जवळपास वर्षभर बंद राहिले. येथे येण्याचा रस्ता ब्लू रिज पार्कवेवरूनच असून हिवाळ्यात बर्फामुळे तो बंद पडतो, त्यामुळे निघण्यापूर्वी पार्कवेची आणि उद्यानाची ताजी सूचना अवश्य पाहावी.