प्लेअर्स हँडबुक २०२४: आधी जुना हाऊस रूलचा कागद फाडा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाचं २०२४ चं प्लेअर्स हँडबुक म्हणजे नवी आवृत्ती की २०१४ च्या पुस्तकाची डागडुजी, हा वाद निरर्थक आहे. सांगाडा पाचव्या आवृत्तीचाच आहे, पण दर दुसऱ्या पानावर काहीतरी हललेलं आहे. १७ सप्टेंबर २०२४ ला आलेल्या या पुस्तकात ३८४ पानं, १२ क्लास (पात्रांचे पेशे), ४८ सबक्लास (त्यांच्या शाखा), १० स्पीशीज (वंश), १६ बॅकग्राउंड (पूर्वायुष्य) आणि ७५ फीट (खास कौशल्यं) आहेत. अमेरिकेतली छापील किंमत ४९.९९ डॉलर. हे पैसे वसूल होतात का, याचं उत्तर बरंचसं तुमच्या टेबलावर दहा वर्षांत साचलेल्या हाऊस रूलवर, म्हणजे घरगुती नियमांवर, अवलंबून आहे. कॅरममध्ये राणीचं कव्हर कधी घ्यायचं हे जसं घराघरात वेगळं, तसंच इथंही. आणि या पुस्तकाने त्यातले बरेच घरगुती नियम उचलून छापून टाकलेत.

पोशनचंच घ्या. २०१४ मध्ये हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) प्यायला टर्नमधली मुख्य कृती म्हणजे पूर्ण अ‍ॅक्शन जायची, म्हणून बहुतेक डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारे) ती जोडीच्या छोट्या बोनस अ‍ॅक्शनवर देत. आता तोच नियम आहे, शिवाय पाच फुटांतल्या दुसऱ्याला पाजायचं तरी बोनस अ‍ॅक्शनच लागते. 'अ‍ॅक्शन खर्च केली तर फासे न टाकता पूर्ण १०' ही जोड अजूनही चालते, कारण २डी४+२ (चार बाजूंचे दोन फासे अधिक २) ची सरासरी ७ आहे आणि अ‍ॅक्शनच्या बदल्यात तीन पॉइंट ही काही लूट नव्हे. जखमा भरणाऱ्या मंत्रांत क्युअर वुंड्स १डी८ वरून २डी८ झालंय, हीलिंग वर्ड १डी४ वरून २डी४. तेव्हा 'हीलिंग दुप्पट' असं काही तुमच्या कागदावर लिहिलेलं असेल तर ते आजच खोडा, नाहीतर चौपट होईल.

सरप्राइजमध्ये (अचानक हल्ल्यात) पूर्वी पहिला टर्नच जायचा. चांगला घातलेला दबा म्हणजे अर्धी लढाई संपल्यात जमा. आता बेसावध असलेल्याला टर्नचा क्रम ठरवणाऱ्या इनिशिएटिव्हवर फक्त दोन फाशांतला लहान आकडा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतो. डीएमला हे सोयीचं आहे. दबा धरून बसणाऱ्या रोगला (Rogue, चोरट्या डावांचा क्लास) नाही. थकव्याचा, म्हणजे एक्झॉस्शनचा, सहा पायऱ्यांचा जुना तक्ता गेला आणि त्याजागी दर पायरीला प्रत्येक डी२० टेस्टवर (वीस बाजूंच्या फाशावर) उणे २, वेग ५ फुटांनी कमी, सहाव्या पायरीला मृत्यू, एवढंच राहिलं. पाठ करायला काही नाही, म्हणून आता तो खरोखर वापरला जाईल. 'शून्यावर पडलास की एक एक्झॉस्शन' (शून्य हिट पॉइंट, म्हणजे जीव संपला) हा लोकप्रिय घरगुती नियम मात्र जपून लावा. एका लढाईत कोणी तीनदा पडला तर त्याच्या हल्ल्यांवर उणे ६ लागतं, आणि लाँग रेस्टला (लांब विश्रांतीला) एकच पायरी उतरते. चौथ्या लेव्हलपर्यंत तर हा नियम नकोच.

पुस्तकाची खरी कमाई वेपन मास्टरीत आहे. क्लीव्ह, ग्रेझ, निक, पुश, सॅप, स्लो, टॉपल, वेक्स असे आठ गुण हत्यारांना वाटून दिलेत. फायटरला पहिल्याच लेव्हलला तीन हत्यारांवर मास्टरी मिळते, बार्बेरियन, पॅलडिन, रेंजर आणि रोग यांना दोन. 'मी मारतो, परत मारतो' एवढ्यावर टर्न संपवणाऱ्या फायटरला अखेर काहीतरी निवडायला मिळालं. रेपियरचं वेक्स रोगला फार भावतं, कारण एक फटका लागला की त्याच लक्ष्यावर पुढच्या हल्ल्याला दोन फाशांतला मोठा आकडा, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज आणि त्यासोबत जादा नुकसान करणारा स्नीक अटॅक.

पण टेबल रखडतं तेही इथेच. मॉल, क्वार्टरस्टाफ किंवा बॅटलअ‍ॅक्सच्या टॉपलला (शत्रूला आडवं पाडायला) प्रत्येक फटक्यावर समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (बचावाचा फासा) लागतो. त्याचा डीसी (गाठायचा आकडा) ८ + क्षमतेचा मॉडिफायर + प्रोफिशिअन्सी (लेव्हलनुसार वाढणारी भर). पाचव्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ १८, म्हणजे डीसी १५. अ‍ॅक्शन सर्ज (जादा मिळणारी कृती) धरून एका टर्नमध्ये चार हल्ले, चार सेव्ह, आणि प्रत्येक वेळी खेळाडू डीसी नव्याने मोजणार. उपाय साधा आहे: डीसी कॅरेक्टर शीटवर हत्याराशेजारी लिहून ठेवायचा आणि एका लक्ष्यावर एका टर्नमध्ये टॉपल एकदाच. आडवा पडलेल्या शत्रूवर लांबून मारणाऱ्याला डिसअ‍ॅडव्हांटेज बसतो, हे पार्टीतल्या तिरंदाजाला आधीच सांगितलेलं बरं. दुसरी कटकट हत्यारं बदलण्याची. अटॅक अ‍ॅक्शनमधल्या प्रत्येक हल्ल्यासोबत एक हत्यार काढता किंवा ठेवता येतं, त्यामुळे हुशार खेळाडू एकाच टर्नमध्ये तीन हत्यारं फिरवून तीन मास्टरी लावतो. नियमात बसतं, डोळ्यांना बघवत नाही. टर्नमागे एकच अदलाबदल, असं ठरवून टाका.

लपण्याचा नियम तर छापण्याआधी आणखी एकदा वाचायला हवा होता. डीसी १५ चा स्टेल्थ (लपण्याचा फासा) जमला की 'इनव्हिजिबल' ही अवस्था मिळते. आवाज केला, हल्ला केला, तोंडी मंत्र म्हटला किंवा शत्रूने शोधलं की ती जाते. मग खांबाआडून निघून उजेडातल्या मोकळ्या अंगणातून चालत गेलं तर पहारेकऱ्याला आपोआप दिसतं का? पुस्तक नीट बोलत नाही. आड सोडून स्पष्ट नजरेत टर्न संपवला तर लपणं संपलं, एवढं एक वाक्य डीएमने पहिल्याच दिवशी जाहीर करावं.

क्लेरिकच्या (पुरोहिताच्या) स्पिरिट गार्डियन्स मंत्रावरही असंच एक कुंपण हवं. आता क्लेरिकभोवतीचं १५ फुटी वलय शत्रूच्या जागेत शिरलं तरी सेव्ह चुकल्यास ३डी८ बसतात, आणि मर्यादा आहे 'टर्नला एकदा', राउंडला (सगळ्यांच्या एकेका टर्नला) नव्हे. मग फायटर आपल्या टर्नमध्ये क्लेरिकला उचलून पळवतो, त्यानंतर मंक पळवतो, आणि दर वेळी सरासरी १३.५. एका शत्रूला राउंडमध्ये एकदाच, असं ठरवलं की ही पालखी थांबते.

बॅकग्राउंडबाबत तर हाऊस रूल हवाच. क्षमतांची वाढ वंशावरून काढून बॅकग्राउंडला जोडली हे चांगलं केलं, पण प्रत्येकाला तीनच क्षमता बांधून दिल्या. सोल्जरला स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन. सेजला कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विस्डम. म्हणजे ग्रंथालयात वाढलेला फायटर कायम स्ट्रेंग्थमध्ये मागे, आणि टेबलावर दर दुसरा फायटर सोल्जर. कुठल्याही क्षमतेत +२/+१ किंवा तीन ठिकाणी +१, कुठलंही एक ओरिजिन (सुरुवातीचं) फीट, अशी मोकळीक द्या. काहीही मोडत नाही. जुन्या पुस्तकातलं बॅकग्राउंड आणलं तर हँडबुक स्वतःच जवळपास एवढी सूट देतं.

काही जुने घरगुती नियम आता सरळ टाकून द्यावेत. 'फाशावर एक पडला की हत्यार निसटलं' हा त्यात पहिला. एक हल्ला करणाऱ्याला ही वेळ ५ टक्के येते, अकराव्या लेव्हलच्या तीन हल्ल्यांच्या फायटरला १४ टक्के. म्हणजे जितका तरबेज तितका धांदरट. क्रिटिकलला (वीस पडल्यावरच्या जबर फटक्याला) 'पूर्ण फासा + टाकलेला फासा' हाही पहिल्या लेव्हलला घातक आहे. २०१४ च्या ऑर्कची ग्रेटअ‍ॅक्स १डी१२+३. या नियमाने तिचं किमान नुकसान १६ होतं, आणि ८ हिट पॉइंटचा विझर्ड एकही डेथ सेव्ह (मरणाशी झुंजायचा फासा) न टाकता जागच्या जागी मरतो. मूळ नियमात तो जवळपास निम्म्या वेळा तरी वाचतो. पॅलडिनचा स्माइट (जादा नुकसानीचा फटका) आता बोनस अ‍ॅक्शनचा मंत्र आहे, टर्नला एकदाच. त्याला आवर घालणारे जुने नियम पुन्हा वर चढवू नका, बिचाऱ्याला पुरेसं छाटलंय.

जमलेलं बरंच आहे. मागची नियमांची शब्दावली अकारविल्हे आहे आणि भर खेळात उपयोगी पडते, जुन्या पुस्तकात पानं उलटण्यात वेळ जायचा. सगळे सबक्लास तिसऱ्या लेव्हलला आल्याने नवख्याला आधी क्लास समजून घ्यायला उसंत मिळते. मंक अखेर उभा राहिलाय. रेंजरचं दुखणं तसंच आहे, सगळं हंटर्स मार्क या मंत्रावर टांगलेलं आणि तो अजून कॉन्सन्ट्रेशन खातो, म्हणजे तो चालू असताना तसा दुसरा मंत्र टिकवता येत नाही.

चालू मोहीम अर्ध्यात असेल तर बदलू नका. एकाच टेबलावर जुना पॅलडिन आणि नवा फायटर बसवला की दर लढाईत भांडण. नवी मोहीम सुरू होताना सगळ्यांनी एकदम बदला. पहिल्या दिवशी कागदावर पाचच ओळी असाव्यात: बॅकग्राउंड मोकळं, टॉपल एकदा, अदलाबदल एक, लपण्याची व्याख्या, गार्डियन्स राउंडला एकदा. चार जणांच्या गटाला एक छापील प्रत पुरते. बाकीच्यांनी एसआरडी ५.२ (नियमांचा खुला गाभा) उतरवून घ्यावं. ते क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहे. सबक्लास त्यात प्रत्येकी एकच आहे, पण लढाईचे आणि मंत्रांचे नियम तेच.