डीपीवर हरकत नोंदवण्याचा अनुभव: 5 पैकी 2.5 स्टार

हॉटेलचे, मिक्सरचे, डॉक्टरचे सगळ्यांचे रिव्ह्यू सापडतात पण ह्या कामाचा एकही सापडला नाही म्हणून लिहितेय. आमच्या गावचा नवीन प्रारूप (म्हणजे कच्चा) विकास आराखडा, कुठल्या जमिनीवर पुढं काय होणार ते ठरवणारा, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तो, जाहीर झाला आणि त्यावर हरकत घ्यायला मी नगररचना विभागात जे हेलपाटे घातले त्याचा हा अनुभव. गावाचं आणि ऑफिसचं नाव लिहीत नाही, कारण चार ठिकाणच्या मैत्रिणींशी बोलले तर सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच आहे.

झालं असं की आमच्या कॉलनीमागं मैदान आहे. जुन्या डीपीत त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. नवीन नकाशात तिथं वाहनतळ आणि व्यापारी संकुल. आम्हाला कळलं कसं तर शेजारच्या काकूंचा मुलगा पेपर चाळत होता, आतल्या पानावर बारीक टायपात जाहीर सूचना होती, आणि तोवर मुदतीतले बरेच दिवस निघून गेलेले. कॉलनीत बोर्ड नाही, वॉर्ड ऑफिसात पत्रक नाही, पाणीपट्टीचं बिल मात्र बरोबर दारात येतं. ज्या कागदावर पुढची वीस वर्षं ठरणार त्याची खबर अशी लागावी याचं मला खरंच वाईट वाटलं.

नकाशा बघायला गेले. दुसऱ्या मजल्यावर पॅसेजमध्ये काचेच्या फ्रेममध्ये लावलेला, ट्यूबलाईट नेमकी काचेवर चमकत होती. पिवळा म्हणजे रहिवास, निळा म्हणजे व्यापारी, हिरवा म्हणजे शेती एवढं एका क्लार्कनी सांगितलं (चांगला मुलगा होता, त्याच्यासाठी अर्धा स्टार जास्त दिलाय). पण आमचा सर्व्हे नंबर काही केल्या सापडेना. मग लक्षात आलं की काचेवर ज्या जागी लोकांनी शंभर वेळा बोट टेकवलंय तिथं एवढा तेलकट डाग पडलाय की खालचा आकडाच दिसत नाही, रुमालानं पुसलं तेव्हा नंबर वाचता आला. म्हणजे माझ्या आधी कितीतरी जण तिथंच उभं राहून आपापलं घर शोधून गेले असणार. नकाशात रस्त्यांची नावं नाहीत, देवळं शाळा नाहीत, नुसते नंबर आणि रंग. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा हातात नसेल तर साध्या माणसाला काहीही कळणार नाही. जाताना उतारा घेऊन जा आणि भाग नकाशाची (आपल्या भागापुरत्या नकाशाची) प्रत पैसे भरून विकत घ्याच, मोबाईलवर काढलेल्या फोटोत काहीच वाचता येत नाही.

आणि खरी मेख दुसऱ्याच नकाशात निघाली. डीपी करायच्या आधी आज कुठल्या जमिनीवर काय आहे याचा सर्व्हे करून विद्यमान जमीन वापर नकाशा करावा लागतो, कायद्यातच आहे ते (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966). त्या नकाशात आमचं मैदान नुसती 'मोकळी जागा' म्हणून दाखवलेलं! रोज संध्याकाळी जिथं चाळीस-पन्नास पोरं खेळतात, गणपतीत मांडव पडतो, ज्येष्ठ मंडळी सकाळी चालतात, ती जागा मोकळी. एकदा कागदावर मोकळी म्हटली की तिथं काहीही टाकायला मोकळीक, पुढचा रंग भरणाऱ्यानं ते मैदान कधी बघितलेलंच नसणार. म्हणून सगळ्यांना सांगते, हरकत लिहिताना नुसतं 'आमचा विरोध आहे' लिहू नका, आधी विद्यमान वापराचा नकाशा बघा, चूक बहुतेक वेळा तिथंच झालेली असते.

हरकत आम्ही एका पानात लिहिली. सर्व्हे नंबर, जुन्या डीपीतलं आरक्षण, नवीन प्रस्ताव, आमचं म्हणणं, सोबत मैदानाचे फोटो आणि 214 सह्या. आवक-जावकला एका प्रतीवर तारखेसकट शिक्का मारून मागितला तर 'पोच नंतर मिळेल' म्हणाले, मी म्हटलं मी थांबते, पाऊण तास थांबले पण शिक्का घेऊनच निघाले. पोच सोडू नका, माझ्याच समोर एका काकांचा आधी दिलेला अर्ज सापडत नव्हता आणि त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

सुनावणीचं पत्र आलं, वेळ सकाळी अकराची, नंबर लागला दुपारी साडेतीनला. कायद्यानं ही सुनावणी नियोजन समिती घेते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ अशी तिची रचना. आम्हाला मिळाली जेमतेम चार मिनिटं. पण चार मिनिटांत एका तज्ज्ञ बाईंनी नेमका प्रश्न विचारला, की इथून दुसरं मैदान किती लांब आहे आणि मधे मोठा रस्ता लागतो का. आम्ही म्हटलं दीड किलोमीटर, मधे हायवे. त्यांनी ते लिहून घेतलं. त्या एका प्रश्नासाठी दिवस सत्कारणी लागला असं मला वाटलं, कारण समोरचं माणूस खरंच ऐकत होतं.

त्याच बाकावर साडेचार तास शेजारी बसलेल्या एका शेतकरी आजोबांबद्दल लिहायलाच हवं. त्यांच्या अठरा गुंठ्यांवर जुन्या डीपीपासून बागेचं आरक्षण. बांधता येत नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक येत नाही, पालिका ताब्यात घेऊन मोबदलाही देत नाही. मी मैदान वाचवा म्हणत होते आणि ते आरक्षण काढा म्हणत होते, आणि दोघांचंही बरोबर होतं! आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा संपादित झाली नाही तर मालकाला त्याच कायद्याच्या कलम 127 खाली खरेदी सूचना, म्हणजे 'जागा घ्या नाहीतर सोडा' अशी नोटीस, देता येते, त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेनं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं म्हणजे संपतं, हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच ऑफिसात ते कितीदा आले असतील. नगररचना विभागात रोज एक तास जरी मदत कक्ष चालवला तरी अशा माणसांचं आयुष्य बदलेल. आरक्षण टाकायचं आणि पैशाची तरतूद करायची नाही, यात बागही होत नाही आणि माणूसही अडकतो.

'हरकती घेऊन काय होणार, सगळं आधीच ठरलेलं असतं' हे मला किमान दहा जणांनी ऐकवलं. मला ते पटत नाही. मुंबईचा 2015 चा प्रारूप डीपी चुकांनी इतका भरलेला होता की हजारोंनी हरकती आल्या आणि सरकारनं तो बाजूला ठेवून नव्यानं करायला लावला, सुधारित मसुदा 2016 मध्ये आला आणि मंजुरी 2018 मध्ये मिळाली. गोव्यात तर लोकांनी गावोगाव नकाशे वाचले, रस्त्यावर उतरले आणि 2007 मध्ये सरकारला 2011 सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा रद्द करावा लागला. तिथं लोकांनी आधी नकाशा समजून घेतला, मग आवाज उठवला.

आता निकाल. समितीचा अहवाल माहितीच्या अधिकारात मिळवला. शेकडो हरकतींचा तक्ता, आमच्या नंबरपुढे दोन शब्द, 'अंशतः मान्य'. कारण नाही. नवीन नकाशात मैदानाचा साधारण दोन तृतीयांश भाग परत मैदान झालाय, रस्त्याकडची पट्टी वाहनतळच राहिलीय, व्यापारी संकुल गेलं. का एवढाच भाग, कोणी ठरवलं, काय हिशोब, काही लिहिलेलं नाही. स्टार सगळ्यात जास्त इथं कापलेत. नाही म्हणा, पण का नाही ते दोन ओळीत लिहून द्या, माणूस साडेचार तास बाकावर बसून आलेला असतो. आजोबांच्या नंबरपुढे 'अमान्य' एवढंच होतं. त्यांना मी कलम 127 बद्दल वकिलांकडे पाठवलंय, नोटिशीचं काम चालू आहे.

आराखडा आता मंजुरीसाठी शासनाकडे गेलाय. पट्टीबद्दल आम्ही तिकडेही लेखी निवेदन दिलंय, पोच घेऊन. कुणाच्या गावात डीपी जाहीर झाला असेल तर कमेंटमध्ये सांगा, आमच्या हरकतीचा नमुना नावं काढून पाठवते, फक्त मुदत संपायच्या आत विचारा.