ऑपेराव्हिजन: नाट्यसंगीताच्या कानाने ऑपेरा ऐकायचा असेल तर

गायक-नट केशवराव भोसल्यांच्या कोल्हापुरात ऑपेरा, म्हणजे युरोपातलं संगीत नाटक, परका वाटायचं कारण नाही. तो समजून घ्यायचा असेल, तर ऑपेराव्हिजन ही सुरुवातीला उत्तम जागा. युरोपातल्या ऑपेरागृहांचे पूर्ण प्रयोग इथे फुकट पाहता येतात, संकेतस्थळावरही आणि यूट्यूबवरही. इंग्रजी सबटायटल्स लावूनच बसावं. यूट्यूब त्यांचं आपोआप मराठी करून देतं, पण पद्याच्या ओळींचा त्यात पार चुराडा होतो. कथा आधी वाचून घेणं त्यापेक्षा बरं.

नवख्याची ठरलेली तक्रार असते, की या बायका किंचाळतात. दोष बहुधा मोबाइलचा असतो. ऑपेराचा गायक माइकशिवाय, साठ-सत्तर वादकांच्या वाद्यवृंदावरून आवाज पार नेतो, आणि नुसत्या जोराने ते होत नाही. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास असतो, वर तो ओसरत जातो. कसलेला गायक, विशेषतः पुरुष, घशाची ठेवण अशी राखतो की ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार चढते. तिथे वाद्यं त्याला झाकू शकत नाहीत. सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची गायिका, उंच स्वरांवर जबडा अधिक उघडते, म्हणून तिचे शब्द तिथे पुसट होतात. मोबाइलचा स्पीकर खालचे स्वर खाऊन टाकतो, वाद्यवृंदाचा पाया नाहीसा होतो आणि उरते ती फक्त धार. चांगला हेडफोन लावा. टीव्हीवर ऐकत असाल, तर संवाद स्पष्ट करणारा मोड आणि नाइट मोड दोन्ही बंद करा. ते कुजबुज वर उचलतात, गर्जना खाली दाबतात, आणि गायकाने राखलेला चढउतार सपाट होतो.

सुरुवात मोझार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’ने करावी. १७९१ च्या या कृतीत गाण्यांमध्ये गद्य संवाद आहेत, त्यामुळे ‘मानापमान’ पाहिलेल्याला तिची रचना लगेच उमगते. ही मिळाली नाही तर पुच्चीनीचा ‘ला बोएम’. चार अंक, पण संगीत दोन तासांच्या आत. लांबलचक ऑपेरांच्या वाग्नरला पहिल्याच बैठकीत हात घालू नये.

आपला कान अडखळतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे पट्टी. नाट्यगीत काळी एकमध्ये गायचं की काळी चारमध्ये, हे आपल्याकडे गायक ठरवतो. ऑपेरात स्वर संगीतकाराने लिहून ठेवलेले असतात, पट्टी उतरवणं अपवादानेच. म्हणून गायक पट्टी निवडत नाही, भूमिका निवडतो. सोप्रानो, मेझो (बायकांचे), टेनर, बॅरिटोन, बास (पुरुषांचे) ही उंच ते खालच्या आवाजांची विभागणी त्यासाठीच. ‘मॅजिक फ्लूट’मधली रात्रीची राणी हे पात्र पेटीच्या मधल्या पांढरी एकपासून दोन सप्तकं वर चढून, पुढे पांढरी चार गाठते. तिथे स्वर नेमका लागतो का, आणि लागोपाठचे तुटक स्वर मण्यांसारखे सुटे राहतात का, हे ऐकावं. दुसरं, पद रंगवत नेण्याची मुभा. आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याने गायचं पद, कितीही रंगली तरी लिहिली तेवढीच राहते. अठराव्या शतकातला संगीतकार हॅन्डेल याच्या काळातल्या रचनांत पहिला भाग परत येतो, तेव्हा मात्र गायक आपले अलंकार घालतो. आपल्या कानाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं.

आता उणिवा. ऑपेराव्हिजनवरच्या प्रयोगांचे दिग्दर्शक जुनी कथा सर्रास आजच्या कपड्यांत, आजच्या खोलीत मांडतात. शब्दांत तलवार आणि हातात मोबाइल, असं दिसलं की नवखा गोंधळतो. पहिल्या वेळी पारंपरिक मांडणीचाच प्रयोग शोधावा. दुसरी उणीव मोठी आहे, पण ती कुठल्याही ध्वनिमुद्रणाची म्हणता येईल. मुद्रणाचे माइक लहान आवाज आणि मोठा आवाज एकसारखे करून टाकतात. सूर, श्वास, उच्चार, अभिनय पारखता येतात. आवाज सभागृह भरतो का, हे नाही. त्यासाठी मुंबई गाठायला हवी. एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये किंवा २०१६ मध्ये पुन्हा उघडलेल्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये गायनाचा कार्यक्रम असेल, तर माइक नसल्याची खात्री करून तिकीट काढावं.

ऑपेराव्हिजनवर प्रयोग कायमचे राहत नाहीत, काही महिन्यांनी काढले जातात. आवडला तर अखेरची तारीख पाहून ठेवा आणि दुसऱ्यांदा सबटायटल्स बंद करून ऐका.