पाच हजारांत दिलेलं खातं

ऑनलाइन फसवणुकीचा पैसा फिरवायला चोर दुसऱ्याचं बँक खातं भाड्यानं घेतात. लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहिलेलं पोरगं या जाळ्यात लवकर सापडतं. मेसवर ओळख झालेला कुणीतरी म्हणतो, "शेठचे धंद्याचे पैसे फिरवायचेत, महिनाभर तुझं खातं दे, पाच हजार घे." मग 'किट' मागतात: पासबुक, पिनसकट एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं नवं सिम. सिम मागितलं की ओळखावं. ओटीपी आणि मेसेज सगळे तिकडे. खातेदाराला कशाचाच पत्ता नाही.

वर्षभर शे-दोनशेच्या पुढं न हललेलं खातं मग एका दुपारी जागं होतं. परराज्यांतून रकमा येतात आणि काही मिनिटांत पुढच्या खात्यात नाहीतर एटीएममधून बाहेर पडतात. संध्याकाळी शिल्लक पुन्हा जिथल्या तिथं. बँकेची यंत्रणा नेमकी हीच चाल हुडकते. संशयाची खबर दिल्लीच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे जाते आणि ती दिल्याचं खातेदाराला सांगायला मनाई आहे. म्हणून खातं अडकल्यावर काउंटरवर "वरून आलंय" एवढंच कानावर पडतं. टाळाटाळ वाटते, थोडी असतेही. गुन्ह्यात नाव मात्र खातेदाराचंच लागतं, शेठचं नाही.

भाड्यानं न देताही खातं अडकतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कुणी तक्रार केली की पैशाचा माग खात्यामागून खातं असा निघतो. सोयाबीनचे पैसे ज्या खात्यातून आले त्यात चोरीचा पैसा मिसळलेला असेल, तर शेतकऱ्यापर्यंत झळ पोचते. लीन, म्हणजे वादातल्या रकमेपुरती रोक, लागलं तर तेवढीच रक्कम अडकते. डेबिट फ्रीज असेल तर पैसे येतात, निघत नाहीत. किसान सन्मानचे दोन हजार आत पडून राहतात. (केवायसी राहिली किंवा दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं खातं वेगळं, ते कागद दिले की सुरू होतं.)

शाखेत अर्ज देऊन लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्यातलं पोलीस ठाणं, वादातली रक्कम, त्या व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक. मग तपास अधिकाऱ्याला आडत्याची पट्टी, काटापावती आणि खात्याचा उतारा पाठवा. "खातं सोडा" असं मोघम लिहू नका. "वादातली रक्कम ठेवा, बाकी मोकळं करा" असं लिहा. बँक ३० दिवस गप्प राहिली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार होते, पण पोलिसांचा आदेश लोकपाल उठवत नाही. "दहा हजार द्या, खातं उघडून देतो" म्हणणारा तर दुसरा चोर.

आणखी एक डाव. अनोळखी पाच हजार येतात, मागोमाग फोन: "दादा, चुकून गेले, या नंबरवर टाका." टाकू नका. तो नंबर बहुतेकदा भलत्याच खात्याचा असतो. पैसा तिसरीकडे जातो आणि तक्रारीत तुमचं खातं तसंच राहतं. जिथून आले तिथंच परत करा, असा अर्ज शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या.